सासऱ्यांच्या हातावर हात

लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी सासऱ्यांना मारलं. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला निघालेल्या दुपारच्या लाँचमध्ये, चारचौघांत, उजव्या हाताच्या पंजावर, सणसणीत. साखरपुड्यात त्यांनीच दिलेली अंगठी त्यांच्याच बोटाच्या पेरावर बसली. समोरच्या बाकावर रिकाम्या पाट्या पायाशी घेऊन दोन कोळणी बसल्या होत्या. एकीने दुसरीला विचारलं, "जावय हाय ना यो?" दुसरीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मंग काय. परक्याची हिंमत व्हईल का?"

अण्णांनी पेर चोखलं, हात दोनदा झटकला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं. "आत्ता कुठं खेळायला लागलात तुम्ही," ते म्हणाले. साखरपुडा, याद्या, हळद, लग्न, सत्यनारायण एवढं सगळं यथासांग होऊनही आमच्यात जे अवघडलेपण शिल्लक होतं, ते त्या फटक्याने गेलं. पुढच्याच पानाला त्यांनी मला व्याजासकट परत केलं, तो भाग वेगळा.

खेळ होता भिकार-सावकार.

नाव वाचून काही वाचकांनी पान उलटलं असेल, त्यांचा मला राग नाही. पत्त्यांच्या जगातही उतरंड असतेच. सगळ्यात वर ब्रिज. ब्रिजवाले खेळून झाल्यावरही तासभर त्या डावाबद्दल बोलत बसतात, आणि एकमेकांशी जन्माचं वैर धरतात. रमीला तर सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच कौशल्याचा खेळ म्हणून सन्मानाने सोडवलं. तीनपत्ती बदनाम, पण बदनामीलाही एक वजन असतं. मेंढीकोट, लाडीस, पाच-तीन-दोन हे मे महिन्यातले घरंदाज खेळ. भिकार-सावकार मात्र पोराला आकडे ओळखता येऊ लागले की शिकवायचा आणि पोर गुलामचोर खेळू लागलं की विसरायचा. चाळिशीचा गृहस्थ "मी दर शनिवारी भिकार-सावकार खेळतो" असं सांगू लागला, तर लोक त्याच्या बायकोची चौकशी करतात.

विसरलेल्यांसाठी सांगतो. कॅट पिसायचा आणि दोघांत सव्वीस-सव्वीस पानं वाटायची. आपली पानं बघायची नाहीत, उपडा गठ्ठा डाव्या हातात धरायचा आणि पाळीपाळीने वरचं एकेक पान मधे सुलटं टाकायचं. सत्तीवर सत्ती पडली, गुलामावर गुलाम पडला की जोडी झाली. ज्याच्या पानाने जोडी झाली त्याने मधला सगळा ढीग उचलून आपल्या गठ्ठ्याखाली सारायचा. पानं संपली तो भिकारी, सगळी ज्याच्याकडे आली तो सावकार. बस. हुकूम नाही, उतारी नाही, भिडूला डोळा मारणं नाही. तुमच्या जागी एखादं पिंपळाचं झाड बसवलं आणि वाऱ्याने त्याची पानं मधे पडू लागली, तरी जिंकण्याची शक्यता तेवढीच राहते.

माझ्या सासुरवाडीने या पिंपळाच्या खेळात एक दुरुस्ती केली आहे. जोडी कोणाच्या पानाने झाली याला मोल नाही. जोडी दिसताक्षणी ढिगावर ज्याचा हात आधी पडेल, ढीग त्याचा. घटनादुरुस्ती एका ओळीचीच, पण तिने गरीब गाईला शिंगं फुटली. आता डोकं लागत नाही ते नाहीच, पण डोळा लागतो, मनगट लागतं आणि थोडी निर्लज्जता लागते. ही शेवटची गोष्ट जावयाकडे सुरुवातीला नसते. कमावावी लागते.

पहिल्या दिवशी माझी कुचंबणा अशी झाली. जोडी दिसायची. हात उठायचा. आणि अर्ध्या वाटेवर त्याला आठवायचं की समोर सासरे आहेत. तोवर अण्णांचा पंजा ढिगावर आणि ढीग अण्णांच्या गठ्ठ्यात. मी हसून "वा, अण्णा!" म्हणायचो. असं सात वेळा झाल्यावर त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "जावईबापू, तुम्ही मुद्दाम हरताय. माझ्या मुलीच्या बाबतीतही असंच करणार असाल तर चांगलंय, पण पत्त्यांत नको." पुढची जोडी छक्क्यांची होती. ती मी मारली, आणि ती सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे लागली.

अण्णांच्या हातांबद्दल सांगायला हवं. मशीद बंदरच्या एका बँकेत पस्तीस वर्षं ते कॅशियर होते. नोटा मोजायचं यंत्र आलं, तेव्हा साहेबांनी यंत्राची चाचणी अण्णांच्या समोर घेतली. यंत्राचा आकडा चुकला तर कळावं म्हणून. निवृत्तीला किती वर्षं झाली, पण अंगठा अजून जिभेला लावून मगच ते कशालाही हात घालतात. पेपर, पत्रिका, पोळी. पत्ते पिसताना त्यांच्या हातून नोटांच्या बंडलाचा आवाज निघतो. माझे हात आयुष्यभर कळफलकावर बडवले गेलेले, त्यांना खाली जायची सवय आहे, पुढे झेपावायची नाही. डोळ्याला काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण माणसाला पाव सेकंद लागतो म्हणतात. त्या पाव सेकंदात अण्णा ढीग उचलून, सारखा करून, गठ्ठ्याखाली सारून "हं, टाका" म्हणालेले असतात.

त्यांच्या नियमावलीलाही बँकेचा वास आहे. पान टाकलं की हात गुडघ्यावर परत गेला पाहिजे, ढिगाजवळ घुटमळता कामा नये. पान आपल्याकडे तोंड करून उचलायचं नाही, समोरच्याच्या दिशेने उलटायचं, म्हणजे टाकणाऱ्याला ते आधी दिसत नाही. हे फार महत्त्वाचं कलम आहे, आणि ते मोडलं की अण्णांचा चेहरा खोटी नोट काउंटरवर आल्यासारखा होतो. चुकून भलत्याच पानावर हात मारला तर दोन पानं दंड, ढिगाच्या तळाशी. घड्याळ उजव्या हातात नको. माझ्या प्रकरणानंतर अंगठीही नको, असं पोटकलम आलं. आणि नखं. सासूबाई शनिवारी दारातच माझ्यापुढे पाण्याचा तांब्या आणि नेलकटर ठेवतात. इतर जावयांना ओवाळतात म्हणे.

दंडाची पानं सगळ्यात जास्त कुठे जातात, तर चित्रांत. राजा, राणी आणि गुलाम या तिघांचे कपडे एकाच शिंप्याने एकाच ताग्यातून शिवलेत. सावकाश बघणाऱ्याला फरक दिसतो. चौघा राजांपैकी एकट्या बदामच्या राजाला मिशी नाही, हे मला चाळीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. दंड भरभरून दिसलं. अण्णांच्या मते त्याने ती पैजेवर काढली असणार. छक्की आणि नव्वी ही दुसरी खोड. पानाच्या दोन कोपऱ्यांत आकडा एकदा सुलटा, एकदा उलटा. घाईत नजर भलत्या कोपऱ्यावर गेली की छक्कीची नव्वी होते, हात पडतो, आणि समोरून अतिशय मृदू आवाजात "दोन" असं ऐकू येतं.

आता हा खेळ लाँचमध्ये का, घरी का नाही? घरी सासूबाई आहेत. या वयात नातवंडांच्या देखत हाणामारी शोभत नाही असं त्यांचं मत आहे. अण्णा निवृत्तीनंतरही शनिवारी मुंबईला जातात. कधी चष्म्याचा स्क्रू, कधी चहाची पूड. मी फोर्टातून सुटून डॉकयार्ड रोडला उतरून धक्क्यावर येतो. सारंगाने एकदा लाँच सोडली की मोऱ्यापर्यंत पाऊण तास, कधी तास. बायको नाही, सासू नाही, फोनला धड रेंज नाही. डावीकडे जवाहर द्वीपाच्या धक्क्याला टेकलेली तेलाची जहाजं, पुढे घारापुरीची हिरवी पाठ, उजवीकडे नांगरलेली आरमारी जहाजं. मुंबईत पाऊण तास कुणीही तुम्हाला काही विचारत नाही अशी दुसरी जागा मला माहीत नाही. थंडीत सीगल मागे लागतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या टाकतात. आमच्या ढिगाकडे त्यांनी अजून तरी बघितलेलं नाही.

वारा मात्र बघतो. वरच्या मजल्यावर पत्ते मांडणं म्हणजे मुंबई बंदराला देणगी देणं. म्हणून आम्ही खाली, इंजिनाच्या आवाजाजवळ, दोघांच्या मधे अण्णांची रेक्झिनची बॅग आडवी घालून बसतो. तरी चौथ्या की पाचव्या वर्षी, जवाहर द्वीप मागे पडत असताना, किलवरची नव्वी उडाली. कठड्यावर क्षणभर टेकली. आम्ही दोघं एकदम झेपावलो, आणि सवयीने तिच्यावर हात मारला. ती पाण्यात.

एक्कावन्न पानांत जोडीचा हिशेब बिघडतो. नवा कॅट आणावा, असं मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू एक नोट फाटली म्हणून सगळी तिजोरी बदलायला सांगत होतो. पुढच्या शनिवारी नव्वी हजर होती. आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांतल्या एकीतून त्यांनी मापाचं पान कापलं होतं. एका बाजूला निळ्या शाईत किलवरचं चिन्ह आणि खाली धनादेशावर लिहितात तसं, अंकी आणि अक्षरी: ९, नऊ फक्त. पाठीवर पत्रिकेचा सोनेरी मजकूर कापला जाऊन उरलेला: "आमचे येथे श्रीकृपें".

याचा खेळावर जो परिणाम झाला तो आमच्या लक्षात यायला तीन शनिवार लागले. ज्या खेळात कुणालाच काही माहीत नसतं, त्यात आता बावन्नातलं एक पान पाठीवरूनच ओळखू येत होतं. गठ्ठ्याच्या वर "आमचे येथे" दिसलं की पुढचं पान नव्वी आहे हे दोघांनाही माहीत. आमच्या पिंपळाला अक्कल आली.

हिशेबाची मला आवड, म्हणून एकदा मी अण्णांना मांडून दाखवलं. मधे एखादं पान पडलंय. त्याच्या जातीची आणखी तीन पानं उरलेल्या एक्कावन्नांत आहेत. म्हणजे पुढच्या पानाने जोडी जमायची शक्यता सतरात एक. नीट पिसलेला सबंध कॅट एकापुढे एक उलटत गेलं तर शेजारीशेजारी जुळणाऱ्या जोड्या सरासरी बरोब्बर तीन. आणि शंभरातल्या चार-पाच वेळा एकही नाही. अण्णांनी ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे सतरातल्या सोळा वेळा काही होतच नाही?" नाही. "आणि आपण याला वेगाचा खेळ म्हणतो." त्यांना बँकेतले सोमवार आठवले असावेत.

पण गंमत त्या सोळांतच आहे, हे मला नंतर कळलं. हात गुडघ्यावर, डोळा ढिगावर, आणि काही होत नाही. पंजी. राणी. दुर्री. एक्का. पुन्हा पंजी, पण मधे तीन पानं गेलेली, त्यामुळे फुकट. श्वास रोखलेला. आठव्या-नवव्या पानाला मन हळूच आठवड्याच्या कामाकडे घसरतं, आणि नेमकी तेव्हाच दश्शीवर दश्शी. शेजारी पेपर वाचणारा माणूस दचकून उठतो. एकदा एका आजोबांनी आम्हाला लाइफ जॅकेट काढून दिलं होतं.

अण्णांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे, फक्त ते दुसऱ्या विषयात चालतं. मोऱ्याच्या माणसाला भरतीचं वेळापत्रक लागत नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती अदमासे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढे सहा-सव्वासहा तासांनी, संध्याकाळी, ओहोटी. आणि पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी म्हणजे पाणी पार खाली जातं. मोऱ्याच्या तोंडाशी गाळ इतका साचलाय, की खोल ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. एक तर फेरी रद्द, नाहीतर जेट्टी समोर दिसत असताना पाणी चढायची वाट बघत उभं राहायचं. गाळ काढायच्या बातम्या मी जावई झाल्यापासून वाचतो आहे. गाळही वाचत असावा.

अशा एका पौर्णिमेच्या शनिवारी आम्ही अडकलो. समोर मोऱ्याचा धक्का, त्यावर रिक्षावाले विड्या ओढत बसलेले स्पष्ट दिसताहेत, कोळीवाड्यातून वाळत्या बोंबलांचा वास येतोय, आणि मधे चिखल. त्या दिवशी मी पहिल्यांदा अण्णांना भिकारी केलं. बावन्नच्या बावन्न पानं माझ्याकडे, त्यात "आमचे येथे" सुद्धा. घड्याळात पाहिलं तर पाणी यायला अजून तासभर. आता करायचं काय?

"साडेबारा टक्के द्या," अण्णा म्हणाले.

उरणच्या बाहेरच्यांना हा आकडा कळणार नाही. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी इथल्या जमिनी गेल्या. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व पदरात पडलं. तेव्हापासून या तालुक्यात साडेबारा टक्के हा आकडा राहिला नाही, तो नातेवाईक झाला. लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठेही दोन माणसं गंभीरपणे बोलताना दिसली की बहुधा त्याचाच विषय असतो; कुणाचं मिळालं, कुणाचं अडलं, कुणाचं चुलत्याच्या नावावर निघालं.

तर बावन्नाचे साडेबारा टक्के म्हणजे साडेसहा पानं. सहा मी मोजून दिली. अर्ध्या पानाचं काय? अण्णा म्हणाले, "ते प्रलंबित ठेवा." समोरच्या बाकावरचा एक आगरी गृहस्थ इतका वेळ डोळे मिटून बसला होता. तो डोळे न उघडता म्हणाला, "मिलाला त घ्या अण्णा. आमचा अजून फायलीतच हाय." भरती आली, लाँच धक्क्याला लागली, तेव्हा अण्णांच्या सहा पानांची एकतीस झाली होती. पुनर्वसन असंही होतं.

तेव्हापासून आमचा खेळ संपतच नाही. भिकारी झाला की साडेबारा टक्के, पुन्हा सुरुवात. मला वाटायचं हा आमच्याच घरचा दोष. मग वाचनात आलं, की भिकार-सावकाराचा एक विलायती चुलतभाऊ आहे. नावाचा अर्थ जवळपास 'शेजाऱ्याला भीक मागायला लाव' असाच होतो. त्यात एक्का-राजा-राणी-गुलाम पडले की समोरच्याने ठरावीक पानं दंड म्हणून मोजायची. तिथेही अक्कल वापरायची सोय नाही. डिकन्सच्या 1861 सालच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मध्ये एक श्रीमंत विक्षिप्त बाई आपल्या दत्तक मुलीला गावातल्या गरीब पोराबरोबर हाच खेळ खेळायला लावते, आणि तो पोरगा आयुष्यभरासाठी कामातून जातो. मी ती कादंबरी कॉलेजात वाचली तेव्हा मला त्यात प्रेमकथा दिसली होती. आता फक्त पोराची कीव येते: समोरच्या हातावर मारायची मुभा असती तर इतकं कुढला नसता.

तर गणितज्ञांना या चुलतभावाबद्दल कित्येक वर्षं एक कोडं पडलं होतं. पानं अशी लागू शकतात का, की डाव कधीच संपणार नाही? जॉन कॉनवेसारख्या माणसाने त्यात लक्ष घातलं होतं. लाखो-करोडो डाव संगणकांनी खेळून पाहिले, प्रत्येक वेळी कुणीतरी कधीतरी भिकारी झालंच. अखेर 2024 मध्ये एक वाटणी सापडली. त्या वाटणीने सुरुवात केली तर खेळ फिरून फिरून तिथेच येतो, अनंतकाळ चालतो. मी हे अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी अंगठा जिभेला लावून पुढचं पान काढलं आणि म्हणाले, "संगणक कशाला पायजे? पौर्णिमेला संध्याकाळी मोऱ्याला यायचं होतं."

एकदा मी त्यांच्या वाढदिवसाला सावंतवाडीचा गंजिफाचा संच आणला. दशावतारी, गोल पानं, हाताने रंगवलेली, दहा रंगांची बारा-बारा मिळून एकशेवीस. अण्णांनी एकेक पान डोळ्यांना लावून पाहिलं आणि संच देवघरात ठेवला. मी म्हटलं, खेळूया ना. ते म्हणाले, "मत्स्यावर कूर्म पडला तर हात कुणावर मारू? आणि नृसिंह निघाला तर?" त्याला गोकुळाष्टमीला फुलं वाहतात. पत्त्यांचं इतकं भाग्य मी कुठे पाहिलेलं नाही.

आता खेळावर संकट आलंय ते वेगळ्याच दिशेने. 12 जानेवारी 2024 ला एकाच दिवशी अटल सेतूही सुरू झाला आणि उरणला लोकलही पोचली. सेतूची लांबी जवळजवळ बावीस किलोमीटर. मेहुण्याने हौसेने गाडीतून नेलं. शिवडीला मी पिसायला घेतलं, वाटून होईपर्यंत चिर्ले आलं. मेहुणा म्हणाला, "बघा, वीस मिनिटं वाचली." अण्णा मागच्या सीटवर सव्वीस पानं हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. वाचलेल्या वीस मिनिटांचं त्याने नंतर काय केलं ते मी पाहिलं. तो ओट्यावर बसून मोबाइलवर पत्ते खेळला, कुणा अनोळखी माणसाशी.

लोकलमध्येही आम्ही प्रयत्न केला. रेल्वेच्या डब्यात पत्त्यांची परंपरा मोठी आहे; चौघांच्या गुडघ्यांवर बॅग, त्यावर फडकं, आणि कर्जत येईपर्यंत मेंढीकोट. पण तो चौघांचा बसलेला खेळ. आमचा दोघांचा, झेपेचा. द्रोणागिरी आणि न्हावा-शेवाच्या मधे राण्यांच्या जोडीवर मी हात मारला तो शेजारच्या बाईंच्या पर्सवर पडला, आणि पुढची दोन स्टेशनं मी "बावीस वर्षं नोकरी आहे माझी, हे माझे सासरे आहेत" असं डब्याला पटवून देत होतो. अण्णांनी साक्ष द्यायला वेळ लावला.

म्हणून अजूनही लाँच. लोक कमी झालेत, रविवारची घारापुरीवाल्यांची गर्दी वेगळ्या धक्क्याची. माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. एकदा तिला बरोबर नेलं. आजोबांचे नियम तिने शांतपणे ऐकून घेतले आणि चाळीस मिनिटांत आम्हा दोघांना पाळीपाळीने भिकारी केलं. तिला ना अंगठी, ना आदर, ना पाव सेकंद. साडेबारा टक्के मागितल्यावर म्हणाली, "का?" दोघांनाही उत्तर सुचलं नाही. तिला हा खेळ बोअर वाटतो. पुन्हा आली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही फार आग्रह केला नाही.

गेल्या शनिवारची गोष्ट. पौर्णिमा टळलेली, पाणी चांगलं होतं, लाँच वेळेवर सुटलेली. घारापुरी मागे पडत होती. ढीग मधे मोठा झालेला. बराच वेळ जोडी नव्हती, तीसेक पानं तरी असतील. माझी पाळी. मी पान समोरच्या दिशेने, नियमाप्रमाणे उलटलं. इस्पिकची नव्वी. हात गुडघ्यावर नेला, आणि अण्णांच्या डाव्या हाताकडे नजर गेली. त्यांच्या गठ्ठ्याच्या अगदी वर, सोनेरी अक्षरांत: "आमचे येथे श्रीकृपें".

त्यांनीही ते पाहिलं होतं. कॅशियरच्या अंगठ्याला आधीच लागलं असणार, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा जाड आहे. आता पान त्यांनी टाकायचं. टाकून हात गुडघ्यावर न्यायचा, मग झेपावायचं. माझा हात मात्र आधीच गुडघ्यावर तयार. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांच्या पाव सेकंद पुढे होतो, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

अण्णांनी अंगठा जिभेला लावला. पानाला लावला. आणि काढून घेतला.

"घारापुरीला वीज आली, ते कधी म्हणालात तुम्ही?"

"2018 ला. अण्णा, पान."

"म्हणजे तोवर जनरेटरच."

"जनरेटरच. पान टाका."

"समुद्राखालून केबल टाकलीय, नाही?" त्यांनी मान वळवून बेटाकडे बघितलं, जणू केबल दिसणार होती. समोरच्या बाकावरच्या कोळणीने पाटी पायाने सरकवली आणि पुढे वाकून ढिगाकडे, मग अण्णांच्या गठ्ठ्याकडे, मग माझ्या गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. "सासरा नाय टाकणार," ती म्हणाली.

इंजिनाचा आवाज बदलला. धक्का जवळ आला होता, खलाशी दोर घेऊन पुढे गेला. अण्णांनी खिशातून दोन रबर काढले, बँकेचे, जुने. एक माझ्या गठ्ठ्याला, एक त्यांच्या. मधला ढीग, वरच्या नव्वीसकट, त्यांनी तसाच उचलून चष्म्याच्या डबीत घातला आणि डबी बॅगेत.

"पुढच्या शनिवारी," ते म्हणाले, "तिथी कोणती येते, बघून ठेवा."